भुईमुगाच्या मुळांना गाठी, शेंगांना फोड : सूत्रकृमी की आणखी काही?

वायंगणी (पेडणे) | १२ एप्रिल, रात्री ९.४०

मंडळी, नमस्कार. एरवी मी नुसता वाचणारा. आज अडलंय म्हणून लिहितो.

पेडणे तालुक्यात आमचा दोन हजार चौरस मीटरचा एक तुकडा आहे. वायंगणाला (भातानंतरच्या उन्हाळी हंगामाला) तिथे भुईमूग घालतो, यंदाचं तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी सुक्या शेंगा ४१० किलो भरल्या, दुसऱ्या वर्षी थोड्या कमी, यंदा फक्त २६५. मधेमधे चकदळं (रोगट, विरळ पट्टे) पडली, झाडं खुजी, पानं पिवळट. पाणी देऊनही दुपारी माना टाकायची. उपटली तर मुळांना गाठीच गाठी. आणि शेंगांवरही बारीक फोड, चामखीळ आल्यासारखे. बऱ्याच शेंगांचं टरफल तपकिरी-काळं.

शेजारच्या काकांना मुळं दाखवली. म्हणाले, "गाठी म्हणजे नत्र रे, गाठी असल्याच पाहिजेत." ते नत्राचं शाळेत मीही शिकलोय, पण नत्र असेल तर झाड पिवळं का?

म्हापशाला शुक्रवारी माल नेला. व्यापाऱ्याने हात घालून वरच्यावर ढवळला आणि दोन ढीग करायला सांगितले. १६५ किलो ८५ रुपयांनी गेला. उरलेल्या १०० किलोला किलोमागे ५० रुपये म्हणाला, तेही "तू नेहमीचा म्हणून". घरी येऊन दोन्ही ढिगांतल्या किलो-किलो शेंगा फोडल्या. चांगल्यातून ७१० ग्रॅम दाणा निघाला, फोडवाल्यांतून ५९०. म्हणजे व्यापारी लबाडी करत नव्हता, एवढं कळलं.

हा रोग कसला? आणि पुढच्या वर्षी घालू की सोडू?

---

जुनाकुळागर (सत्तरी) | १२ एप्रिल, रात्री १०.१५

बाबा रे, ही मुळातली कीड. पेरताना फोरेट टाकायचं. आम्ही केळीला मूठ मूठ टाकायचो, काही होत नसे. आजकालच्या पोरांना सगळ्याची भीती.

---

हिशेबवही | १२ एप्रिल, रात्री १०.३२

आजोबा, फोरेट ह्या कीटकनाशकावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशभर बंदी आहे. कुणाकडे जुनी पिशवी पडलेली असली तरी वापरू नका, आणि खायच्या शेंगा ज्या मातीत वाढतात तिथे तर नकोच.

@वायंगणी, खर्च किती झाला तेही टाका. नुसत्या वजनावरून काही कळत नाही.

---

कृमिकथा (फोंडा, सध्या बाहेर) | १३ एप्रिल, सकाळी ७.०५

मी सूत्रकृमीशास्त्रात (मातीतल्या दोऱ्यासारख्या बारीक कृमींचं शास्त्र) एमएस्सी केलंय, त्यामुळे हा धागा बघून चहा थंड झाला. सावकाश लिहिते.

आधी काकांचा मुद्दा. ते अर्धे बरोबर आहेत. भुईमुगाला नत्राच्या गाठी असतातच, पण त्या मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात, मणी लावल्यासारख्या. नखाने ढकललं की सुटून येतात, आणि कापून बघितल्या तर आत गुलाबी-लाल. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं. ओढलीत तर गाठ सुटणार नाही, मूळच तुटेल. आत रंग नाही, पांढुरकी. शेंगांवर चामखीळ आहेत म्हणता, तर माझा अंदाज ऐंशी टक्के सूत्रकृमीकडे. नत्राच्या गाठी शेंगेवर येत नाहीत.

ही कीड डोळ्यांना दिसत नाही. मातीतलं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहून लहान. ते मुळाच्या टोकातून आत शिरतं, एका जागी बसतं आणि भोवतालच्या पेशी फुगवून त्यांवर जगतं. मादी फुगून नासपतीच्या आकाराची होते आणि काही शे अंडी एका चिकट पुंजक्यात घालते. आपल्या उन्हाळ्याच्या मातीत अंड्यापासून अंड्यापर्यंत साधारण महिना पुरतो. तुमचं पीक चार महिन्यांचं. म्हणजे पेरणीला मूठभर असलेल्या काढणीला किती होतात, तुम्हीच बघा. पहिल्या वर्षी काही दिसलं नाही, तिसऱ्या वर्षी चकदळं पडली, त्याचं कारण हेच.

दुपारी मान टाकण्याचं कारणही तिथेच. पाणी वर नेणाऱ्या नळ्याच गाठींमुळे वेड्यावाकड्या झालेल्या असतात. माती ओली, झाड तहानलेलं.

पण घाईने औषध आणू नका. एक प्रश्न आधी सांगा : पावसाळ्यात त्या तुकड्यात काय असतं?

---

वांगं_भरलेलं (तिसवाडी) | १३ एप्रिल, सकाळी ८.२०

मला ह्यात एक गोष्ट पटत नाही. आमच्या भाटातल्या वांग्यांना गाठी इतक्या की मुळं आल्यासारखी दिसतात. टोमॅटो, भेंडी, सगळ्यांचं तेच. वैतागून मागच्या वर्षी तिथेच भुईमूग घातला. शेंगा स्वच्छ! मुळांना फक्त तुमच्या त्या गुलाबी गाठी. आणि यंदा त्याच जागेत वांगी लावली तर आधीपेक्षा बरी आली. मग भुईमुगाला सूत्रकृमी लागते हे खरं कसं?

---

मास्तर (डिचोली) | १३ एप्रिल, सकाळी ८.५१

दोघेही खोटं बोलत नसतील तर प्रश्न भारी आहे. वाचनखूण साठवली.

---

कृमिकथा | १३ एप्रिल, दुपारी १.१०

वांगंभाऊ, शंभर धाग्यांत एखादा असं विचारतो. दोघांचंही खरं.

'गाठी करणारी सूत्रकृमी' असं आपण एकवचनात म्हणतो, पण त्यांच्या जाती वेगळ्या. भाजीपाल्यात सर्रास सापडते ती मेलॉयडोगायनी इनकॉग्निटा. वांगी, टोमॅटो, मिरची, भेंडी हे तिचं जेवण. भुईमुगावर मात्र तिची वाढ होत नाही. पिल्लं मुळाकडे येतात, पण पुढची पिढी उभी राहत नाही. म्हणजे तुम्ही नकळत उत्तम बेवड (पीकपालट) केलात.

भुईमुगाला मारणारी मुख्यतः अरेनारिया, तीही तिचा एक नंबरचा वंश. थंड प्रदेशांत हॅप्ला. आणि गुजरातसारख्या ठिकाणी जावानिकाचे भुईमुगावर जगणारे वंशही सापडलेत. पुस्तकांतली जावानिका भुईमूग खात नाही, पण सूत्रकृमींनी आपली पुस्तकं वाचलेली नाहीत.

म्हणून एकाला भुईमूग औषध आणि दुसऱ्याला विष. कोणती जात आहे हे न बघता बेवडाचा सल्ला देणं म्हणजे रोग न विचारता गोळी देणं. कृषी केंद्रवाल्याने दिली, व्हॉट्सॲपने दिली, सारखंच.

---

वायंगणी | १३ एप्रिल, रात्री ९.०२

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तिथे पूर्वी सरदाचं (पावसाळी) भातच असायचं. चार वर्षांपूर्वी पावसात खालची मेर (शेताचा बांध) फुटली, पाणी धरेना. मजूर मिळेना, आणि वडिलांना गुडघ्याचा त्रास. म्हणून पावसाळ्यात तिथे भेंडी आणि मिरची लावू लागलो. भेंडीने पैसे बरे दिले, खोटं कशाला बोलू.

खाली लागूनच चुलत्यांचा तुकडा आहे. ते अजून भात लावतात आणि नंतर भुईमूग. बियाणं दोघांनी एकाच पोत्यातलं वापरलं. त्यांच्या शेंगा पांढऱ्या स्वच्छ! मला वाटायचं त्यांचा हात चांगला.

हिशेबवही, खर्च यंदा १७,२०० : दाणे, नांगरट, दोन खुरपण्या, काढणी, शेंगा तोडणाऱ्या बायकांची मजुरी. पहिल्या वर्षी १६,५०० होता.

---

हिशेबवही | १३ एप्रिल, रात्री ९.४५

पहिलं वर्ष : ४१० × ८५ = ३४,८५०. खर्च वजा जाता १८,३५०.
यंदा : १६५ × ८५ = १४,०२५, अधिक १०० × ५० = ५,०००. एकूण १९,०२५. खर्च वजा जाता १,८२५.

वजन घटलं ३५ टक्के. हातात येणारा पैसा घटला ९० टक्के. लोक "पीक थोडं कमी आलं" म्हणतात तेव्हा हे दिसत नाही, कारण नांगराचे आणि खुरपणीचे पैसे शेंगा कमी आल्या म्हणून कमी होत नाहीत. जे जातं ते सगळं नफ्यातून जातं. आणि तुम्ही घरचंच बी ठेवत असाल, तर ते ह्या ढिगातून ठेवता येणार नाही. म्हणजे डिसेंबरला विकतचं बी, तो खर्च अजून लिहिलेलाच नाही.

देशभराच्या पिकांत सूत्रकृमींमुळे दरवर्षी २१.३ टक्के नुकसान आणि १०,२०३ कोटी रुपये, असा २०२० चा एक अंदाज वाचला होता. पण तो सगळ्या पिकांची सरासरी. पेडण्यातल्या दोन हजार मीटरला त्याचा उपयोग शून्य.

---

पेठेतला (म्हापसा) | १४ एप्रिल, सकाळी ६.३०

मी खरेदी करणारा आहे, शिव्या खायची सवय आहे, म्हणून बोलतो.

गोव्यात भुईमुगाचा माल फारसा तेलाला जात नाही. इथे शेंग दिसते म्हणून विकली जाते. उकडायला घेणारी बाई आधी टरफल बघते. जत्रेतला शेंगावाला बघतो. भाजून विकणाऱ्याला टरफल काळं चालत नाही, कारण भाजल्यावर ते करपलं की मुळातच तसं होतं, हे गिऱ्हाईकाला कोण समजावणार? हमीभाव २०२४-२५ ला क्विंटलला ६,७८३ होता, म्हणजे किलोला अडुसष्ट रुपयांच्याही खाली. आमच्याकडे स्वच्छ शेंगेला त्याहून जास्त मिळतं, ते केवळ रूपामुळे. रूप गेलं की तो वरचा पैसा गेला.

आम्ही कसं बघतो सांगतो. मूठभर शेंगा कानाजवळ हलवायच्या. खडखड जास्त म्हणजे आत दाणा सुकलाय. मग पाच शेंगा दोन बोटांत दाबायच्या. फोडवाली शेंग टरफलालाच जाड आणि आत पोकळ. एक नखाने सोलायची, दाण्याच्या सालीवर डाग आहे का बघायचं. अर्धा मिनिट लागतो. वायंगणीबाब, तुमचा ५९० ग्रॅमचा आकडा मी हाताने ५५० ते ६०० सांगितला असता.

एक सल्ला : दोन ढीग घरीच करून आणा. मिसळून आणलं की सगळ्याच मालाचा भाव पडतो. आणि फोडवाला ढीग शेंगेच्या रूपात विकूच नका, घरी फोडून, डागी दाणे बाजूला काढून दाणा विका. चिक्कीवाला टरफल बघत नाही.

---

रांधप (मडगाव) | १४ एप्रिल, सकाळी ९.४८

पेठेतल्यांनी आम्हा बायकांवर घातलं, पण खरं आहे. उकडलेल्या शेंगांत एक कडू निघाली की पोरं बाकीचं पातेलं तसंच ठेवतात.

माझा साधा प्रश्न : असे कृमी लागलेले दाणे खाल्ले तर पोटात जंत होतात का? आमच्या सासूबाईंना ह्या धाग्यातलं एक वाक्य वाचून दाखवलं आणि आता त्या शेंगदाण्याची आमटी करू देईनात.

---

कृमिकथा | १४ एप्रिल, सकाळी ११.२०

सासूबाईंना सांगा, नाही. ह्या कृमी झाडाच्या पेशींवर जगतात. माणसाच्या पोटात त्यांना काही काम नाही. नाव सारखं, कुळ लांबचं.

धोका दुसरीकडून येतो. कृमीने टरफल कमकुवत केलं की बुरशीला दार उघडं मिळतं. त्यातली एक ॲस्परजिलस फ्लेव्हस, जी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष करते. भाजून, उकडून ते पूर्ण जात नाही. म्हणून हिरवट-पिवळी बुरशी दिसलेले, सुरकुतलेले, काळे दाणे टाकून द्या, गुरांनाही घालू नका. युरोपात थेट खायच्या शेंगदाण्याला एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे ४ मायक्रोग्रॅम आहे, इतकं ते कमी चालतं. फोडवाल्या शेंगा काढल्या दिवशीच वेगळ्या वाळवा, ओलावा ८-९ टक्क्यांवर येईपर्यंत, आणि पावसाच्या पहिल्या सरीआधी पोत्यात भरा. एप्रिल-मेचं ऊन फुकट आहे.

स्वच्छ दाण्याची आमटी खुशाल करा.

---

रांधप | १४ एप्रिल, सकाळी ११.५८

सासूबाई म्हणतात, "ती शिकलेली पोर म्हणते तर करा." देव बरें करूं.

---

दोडामार्ग_लाईन | १४ एप्रिल, संध्याकाळी ६.१५

आमच्याकडे मागे एका बैठकीत 'काळहस्ती' नावाचा भुईमुगाचा रोग सांगितला होता. शेंगा काळ्या होतात म्हणे. वायंगणीचा तोच तर नव्हे?

अवांतर : आम्हाला सूत्रकृमीपर्यंत पोचायची पाळीच येत नाही. आधी डुक्कर, मग मोर, उरलं तर केलडी (माकडं). कृमी बिचारे रांगेत शेवटी.

---

कृमिकथा | १४ एप्रिल, रात्री ८.४०

चांगली आठवण. आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यात श्रीकाळहस्तीच्या पट्ट्यात १९७५-७६ च्या सुमाराला भुईमुगाच्या शेंगा काळसर पडून बारीक राहू लागल्या. आधी कुणाला कळेना. तिथेही सूत्रकृमीच निघाली, पण वेगळी : टायलेंकोऱ्हिंकस. ती मुळात घुसून बसत नाही, बाहेरूनच टोचते. त्यामुळे मुळांना गाठी नसतात. वायंगणींच्या मुळांना गाठी आहेत, तर तो रोग नाही.

शेंगेवर डाग पाडणाऱ्या आणखीही आहेत. प्रॅटिलेंकस नावाच्या टरफलावर तपकिरी चट्टे पाडतात. दक्षिण आफ्रिकेत डायटिलेंकस आफ्रिकानस शेंगेत शिरून दाण्याची प्रतच खाली आणते. नायजेरियात एक थेट दाण्याच्या सालीत राहते. झाड हिरवंगार आणि दाणा डागी. पेठेतल्यांचा नखाने सोलण्याचा प्रकार ह्या सगळ्यांना पकडेल.

पण एक सावधगिरी. गोव्याची जांभ्याची माती आंबट, कॅल्शियम कमी. शेंगेला कॅल्शियम आऱ्यांतून (फुलातून मातीत उतरणाऱ्या, शेंग धरणाऱ्या देठांतून) थेट मातीतून घ्यावं लागतं, मुळांकडून पुरत नाही. ते कमी पडलं की शेंग मोठी, आत पोचट, कृमीचा संबंधच नाही. फुलोऱ्यात जिप्सम घातलं नसेल तर निम्मा दोष त्याचा असू शकतो. टरफल कुरतडल्यासारखं असेल तर हुमणी किंवा वाळवी. सगळ्या पापाचं खापर सूत्रकृमीवर नको.

---

वायंगणी | १४ एप्रिल, रात्री ९.१०

जिप्सम नाही घातलं. चुलत्यांनीही नाही घातलं मात्र, आणि त्यांच्या भरल्या आहेत. पण लिहून ठेवलं.

तपासणी कुठे करू? गेल्या वर्षी माती तपासली होती, नत्र-स्फुरद-पालाश, सगळं 'मध्यम'.

---

कृमिकथा | १५ एप्रिल, सकाळी ७.३०

त्या तपासणीत कृमी दिसत नाहीत. मुळात त्या तपासणीला माती वाळवतात आणि कृमी तिथेच मरतात. जुने गोव्याला एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिथलंच कृषी विज्ञान केंद्रही. दक्षिणेतल्यांना मडगावचं. आधी फोन करून "सूत्रकृमीसाठी मातीचा आणि मुळांचा नमुना द्यायचा आहे" एवढंच विचारा.

नमुना घेताना : चकदळाच्या अगदी मधून नको, तिथे मुळंच मेलेली असतात आणि कृमी खायला दुसरीकडे गेलेल्या. चकदळाच्या कडेच्या, अजून जिवंत झाडांखालून, वीतभर खोलवरून, पंधरा-वीस जागची थोडी थोडी माती. सोबत मूठभर मुळं. प्लॅस्टिकच्या पिशवीत, सावलीत. स्कूटरच्या डिकीत दुपारी ठेवलीत तर शिजवलेले कृमी न्याल.

आणि निकाल येईपर्यंत घरी एक उद्योग करा, खर्च काही नाही. सहा कुंड्या घ्या. तीनांत वरच्या तुकड्याची माती, तीनांत चुलत्यांची. प्रत्येकात एकेक : टोमॅटो, मिरची, भुईमूग. रोज पाणी, दीड-दोन महिने. मग उपटून मुळं धुवा. टोमॅटो तर सगळ्याच जाती खातात, म्हणून तो नुसता 'आहे की नाही' सांगतो. भुईमूग स्वच्छ आणि मिरचीला गाठी, तर बहुधा इनकॉग्निटा. तिन्हींना गाठी, तर अरेनारियाचा संशय बळकट. मिरची स्वच्छ आणि भुईमुगाला गाठी, तर मला कळवा, मी स्वतः येते बघायला.

नक्की निदान मादीच्या मागच्या भागावरच्या रेषांवरून किंवा डीएनएवरून होतं. त्या रेषा आपल्या बोटाच्या ठशासारख्या असतात, इतक्या सुंदर की मी एकेकाळी त्या वहीत काढत बसायचे.

---

मास्तर | १५ एप्रिल, दुपारी ४.०५

आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक धूळ खात पडलाय. त्यावर दिसतील?

---

कृमिकथा | १५ एप्रिल, रात्री ८.२२

नक्की! पसरट ताटलीत पाणी, त्यावर चहाची मोठी गाळणी अशी ठेवा की तळ पाण्याला टेकेल. गाळणीत टिश्यू पेपर, त्यावर दोन चमचे ओली माती. हलवू नका. दुसऱ्या दिवशी गाळणी उचला, ताटलीतलं पाणी थोडं निवळू द्या आणि तळातला थेंब काचेवर. जिवंत कृमी कागदातून खाली उतरलेल्या असतात, वळवळताना दिसतील.

पण मास्तर, दिसल्या म्हणून घाबरू नका. चांगल्या मातीत कृमी असतातच, बहुतेक जिवाणू-बुरशी खाणाऱ्या निरुपद्रवी. झाडं खाणाऱ्यांच्या तोंडात भाल्यासारखी सुई असते. ती शोधा.

---

मास्तर | १९ एप्रिल, सकाळी १०.३३

सुट्टी लागली तरी नववीची चार पोरं आली. परसातल्या केळीखालची माती. दिसल्या! सुई कुणालाच दिसली नाही, पण एका मुलीने सांगितलं, "सर, हा आठ काढतोय." दीड तास कुणी मोबाईल बघितला नाही.

---

जुनाकुळागर | १९ एप्रिल, संध्याकाळी ७.५०

फोरेट नको तर नको. पण मग काय करायचं ते सांगा की. नुसत्या कुंड्या लावून शेंगा येतात का?

आमचे वडील एक सांगायचे : वायंगणाची जमीन पावसात पाण्याखाली 'निजली' पाहिजे. तेव्हा आम्हाला वाटायचं, भात पाहिजे म्हणून सांगतायत.

---

कृमिकथा | १९ एप्रिल, रात्री ९.१५

आजोबा, तुम्ही ह्या धाग्याचं उत्तर दिलंत. मी आठवडाभर तिथे यायला बघत होते.

चिखलणी करून तीन-चार महिने पाणी उभं राहिलं की मातीतली हवा संपते. भुईमुगावरच्या आणि भाजीवरच्या ह्या कृमी त्यात तग धरत नाहीत, निदान फार थोड्या उरतात. भाताला गाठी करणारी एक वेगळी जात आहे, पण ती भुईमुगाची शत्रू नव्हे. म्हणजे भात मग भुईमूग, हा जुना फेरा नुसता पोटासाठी नव्हता. चुलत्यांचा तुकडा दर पावसाळ्यात निजतो. वायंगणींचा चार वर्षं जागा आहे. वर भेंडी-मिरची, म्हणजे पावसाळ्यातही कृमींना जेवण चालू, आणि वायंगणाला पुन्हा भुईमूग. वर्षाचे बारा महिने पंगत.

गोव्यात भात सोडलेली शेतं किती, तुम्ही सगळे बघताच. पडीक ठेवली तरी सुटका नाही, रानातल्या तणांवरही ह्या कृमी जगतात.

---

वायंगणी | १९ एप्रिल, रात्री ९.५०

म्हणजे मेर फुटली तिथे सगळं फुटलं.

---

वांगं_भरलेलं | २० एप्रिल, सकाळी ८.०८

पण सगळ्यांना भात शक्य नाही. मोरडावर (चढावरच्या कोरड्या जमिनीत) पाणी कुठून थांबणार? आणि भाडोत्री पॉवर टिलर एका शेताची माती दुसऱ्यात नेतो त्याचं काय? आमच्याकडे एकच टिलर अख्ख्या वाड्यात फिरतो.

---

कृमिकथा | २० एप्रिल, दुपारी २.३०

टिलरचा मुद्दा शंभर टक्के. फाळ आणि चाकं तुमच्या बांधावर धुतली गेली पाहिजेत, शेतात शिरण्याआधी. चालक कुरकुरेल, त्याला सोलकढी द्या.

जिथे पाणी थांबत नाही तिथे आत्ता, एप्रिल-मेत, खोल नांगरट. पंधरा दिवसांनी पुन्हा. ऊन आणि कोरडेपणा अंडी मारतो. छोट्या तुकड्याला ओल्या मातीवर पारदर्शक प्लॅस्टिक चार-सहा आठवडे, कडा मातीने गच्च दाबून. काळं नव्हे, पारदर्शकच. दोन हजार मीटरला हे परवडणार नाही, पण रोपवाटिकेच्या वाफ्याला जरूर करा, कारण मिरचीच्या रोपांबरोबरच कृमी घरोघर जातात.

पावसाळ्यात ताग दाट पेरून फुलाआधी गाडणं. किंवा झेंडू, पण बांधावर चार झाडं लावून काही होत नाही. सलग, दाट, दोन-तीन महिने उभा हवा. अमेरिकेत अलाबामात भुईमुगाआधी तीळ घेऊन अरेनारिया कमी झाल्याचे प्रयोग आहेत, आणि तीळ आपल्या मोरडाला अनोळखी नाही. पेरणीआधी निंबोळी पेंड, आणि पर्प्युरिओसिलियम किंवा ट्रायकोडर्मा (ह्या उपयोगी बुरश्या) शेणखतात मुरवून सावलीत पंधरा दिवस ओलसर ठेवलेलं. नुसती पावडर उन्हात मातीवर भिरकावली तर पैसे वाया. ह्यातलं काहीही एका वर्षात 'साफ' करत नाही.

प्रतिकारक बियाणं? आहे, पण तिकडे. जंगली भुईमुगाशी संकर करून टेक्सासमध्ये १९९९ मध्ये 'कोअन' नावाचा वाण निघाला, नंतर २००८ मध्ये जॉर्जियात 'टिफगार्ड'. आपल्या दुकानात कुणी 'सूत्रकृमी प्रूफ' म्हणून पिशवी पुढे केली तर आधी पिशवीवर काय छापलंय ते वाचा.

---

हिशेबवही | २० एप्रिल, दुपारी ३.१२

मेर बांधायला किती लागतील? ते गेल्या तीन वर्षांच्या तुटीशी ताडून बघा. वायंगणी, मे महिन्यात जांभा दगड आणि दोन माणसं, एवढंच तर लागेल.

---

वायंगणी | १५ जून, रात्री १०.०५

मंडळी, दोन महिने गप्प होतो, पण कुंड्यांना रोज पाणी घातलं. एक टोमॅटो घरच्या बोकडाने खाल्ला, वरच्या मातीतला नशिबाने वाचला.

आज उपटल्या. वरची माती : टोमॅटोला गाठी, मिरचीला गाठी, भुईमुगाला गाठी. चुलत्यांची माती : मिरचीला शोधून दोन-तीन, भुईमूग स्वच्छ. मुळं धुऊन पांढऱ्या ताटात ठेवली आणि काकांना बोलावलं. नखाने ढकलून दाखवलं, ही सुटते, ही सुटत नाही. काका बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्या मिरचीचं पण बघायला पाहिजे."

प्रयोगशाळेचा निकालही आला, गाठी करणारी सूत्रकृमी भरपूर, एवढं लिहिलंय. जातीसाठी मुळं पुन्हा दिली आहेत.

मेर बांधली. सव्वीस हजार लागले, अंदाजाच्या दुप्पट. वडील गुडघा धरून काठावर खुर्ची टाकून बसले होते, दगड कुठे बसवायचा ते सांगत.

---

कृमिकथा | १५ जून, रात्री १०.४०

तिन्हींना गाठी. अरेनारियाच असणार, पण ठसे येऊ देत. आणि बोकडाचं नाव नोंदवहीत लिहा, प्रयोगात हस्तक्षेप केला म्हणून.

---

वांगं_भरलेलं | १६ जून, सकाळी ७.१२

मीही केल्या होत्या. टोमॅटो भयंकर, मिरची वाईट, भुईमूग स्वच्छ. तुमचा शत्रू माझा मित्र असं काहीतरी. पण टिलर मात्र तुमच्याकडून नको बाबा.

---

वायंगणी | ९ जुलै, रात्री ८.५५

लावणी झाली. पाणी धरतंय, पण सगळ्या तुकड्यात नाही. वरच्या अंगाला चढ आहे, तिथे आठशे मीटर कोरडंच राहिलं. तिथे ताईंच्या म्हणण्याप्रमाणे झेंडू दाट लावलाय, दसऱ्याच्या आधी फुलेल असा. भेंडी नाही लावली ह्या वर्षी. घरी बोलणी खाल्ली.

---

पेठेतला | १० जुलै, सकाळी ६.१०

झेंडू कुठला, केशरी की पिवळा? दसऱ्याच्या आदल्या दिवशी आणू नका, तेव्हा सगळेच आणतात. दोन दिवस आधी पहाटे पाचला या, मी असतो.